पहिला आणि तिसरा शनिवार

आदेशात मी अर्जदार क्रमांक एक,
शालन क्रमांक दोन.
नातवाचं नाव नाही, नुसतं 'अज्ञान मुलगा'.

कसबा बावड्याच्या बसमध्ये
शालन डबा मांडीवर धरून बसते,
झाकण दोनदा उघडून बघते.
भेट अकरा ते एक.

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढली.
पितळेचा भोवरा कातून आणला होता, आरीसकट.
गेटवरच्या पोरीनं ठेवून घेतला.
"आजोबा, टोकदार वस्तू आत चालत नाही."
बरोबर आहे तिचं.

आत भिंतीवर ससे रंगवलेत.
वेदू सशांकडं बघत लाडू खातो
आणि मला 'तुम्ही' म्हणतो.
पूर्वी अरेतुरे करायचा, कान धरून ओढायचा,
बापासारखाच.

घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत.
सुहासच्या डावीकडं, ह्याच्या उजवीकडं.
डावी बाजू कधीच पुरी झाली.
उजवी दोन वर्षं झाली, थांबलीय.

एक वाजला. सून दारात.
वकिलामार्फतच बोलते ती आमच्याशी.
पोराच्या चपलेचा पट्टा लावत,
खाली बघूनच म्हणाली,
"एकशे सोळा भरली उंची. शाळेत मोजली."

मी सही केली. भोवरा परत घेतला.

रात्री टेप लावून खूण केली,
शालननं बॅटरी धरली.
शाळेची मोजणी. सूतभर इकडंतिकडं असंल.
लेथवर असलं कधी
चालवून घेतलं नाही मी.