किती जीव

पुन्ता अरेनास. टॉवरच्या काचा
वारा गदागदा हलवतोय.
"किती जीव आहेत विमानात?" नोल्विया विचारते,
नियमाप्रमाणे. पेन्सिल तयार.

"मी एकटा," ढगातून आवाज, "आणि पिल्लं.
कोंबडीची. एकशेवीस."
पंखांवर बर्फ. होकायंत्र गरगरतंय.

"दांडा आवळून धरलायस. सैल सोड.
डावीकडे दहा अंश. बस्स.
पिल्लं काय करतायत?"
"ओरडतायत."
"ओरडू देत. तू मला ऐक."

आणि ती बोलत राहते, सावकाश,
अंधारात जिना उतरणाऱ्याला
पायरी सांगावी तसं:
अजून एक, अजून एक,
आता जमीन.

चाकं टेकली तेव्हा ती काहीच बोलली नाही.
नोंदवहीत लिहिलं: जीव, एकशेएकवीस.
मग पेन्सिल खाली ठेवायला गेली,
तर बोटं उघडेनात.