बावीसला दोन

खमीसच्या खजूरबागेत दोन उन्हाळे पडून होता
औषध फवारायचा पंप.
"इंजिन खलास," तो म्हणाला, "उचल आणि ने."
मी उचललं. काखेत कोंबडी धरतात तसं धरून
फलजच्या कॅम्पापर्यंत चालत आणलं.
वाटभर ते माझ्या सदऱ्यावर काळं गळत होतं.

सायकल मोफज्जलची, आठ रियाल.
हँडल जरा डावीकडे बघतं,
बोलताना तोही बघतो तसं.

शेरजमान पट्ट्या जोडून द्यायला बसला,
वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढण्याआधी म्हणाला,
आधी ब्रेक दाखव.
ब्रेक नव्हते.
तो उठून चहा प्यायला गेला.
पुढचे दोन शुक्रवार ब्रेकमध्ये गेले.

एअर फिल्टरला अंघोळीचा स्पंज,
कारण इथली रेती पिठासारखी,
कार्बोरेटरमध्ये जाते, भातात जाते, कानात जाते.
मागच्या चाकाला दुसरं दातेरी चक्र बसवताना
आरे तुटले. आधी एक, मग तीन.
घट्ट आवळलं की काम झालं
असं मला पस्तीस वर्षं वाटायचं.
साखळीला अर्धा इंच झोल लागतो.
तो दिला नाही तर ती आधी कुरकुरते,
मग एक दिवस काही न बोलता तुटते.

पेट्रोलात तेल मिसळायचं, पंचवीसला एक.
माप म्हणून वर्कीच्या खोकल्याच्या बाटलीचं झाकण.
तेल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरून बसतो,
जास्त झालं तर नुसता धूर,
असं मी त्याला समजावत होतो, तर तो हसला.
कंपनीचंही मिश्रण ठरलेलं आहे, म्हणाला,
बावीसला दोन.
बावीस महिने इथे, दोन घरी.
मी झाकण पुसत राहिलो.

जूनमधला शुक्रवार, पहाटेचे साडेचार,
पान्याला हात लावता येईल इतकंच गार.
बंदराकडच्या रस्त्यावर दोरी ओढली.
एकदा, दोनदा,
नवव्यांदा ते बोललं!
नटबोल्ट, घंटी, माझे दात,
सगळं एकाच सुरात थरथरायला लागलं.
वारा नव्हताच त्या दिवशी,
जो लागत होता तो मी केलेला.
सोळा वर्षांत या देशात मी जे जे जोडलं
त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव आहे.

साडेचार किलोमीटर. मग ठक्.
इंजिनाचा एक नट कुठेतरी रेतीत गेला,
त्याची साखळी उतरली, आवाज गप्प.
मी मागे शोधत गेलो. सापडला नाही.
ऊन वर आलं.
बकऱ्या भरलेली एक पिकअप थांबली,
चालकाने काच खाली करून विचारलं, खराब?
नाही, म्हटलं, नट गेला.

ती गेल्यावर आठवलं,
हिला पायडल आहेत.

साखळी खांद्यावर टाकली
आणि आपण बनवलेलं ओझं आपणच घेऊन
पाय मारत निघालो.
कॅम्पच्या फाटकात तिघं उभे.
कुठवर गेली, वर्कीने विचारलं.
जाऊन आली, म्हणालो.

शेरजमान काही बोलला नाही.
वाकून त्याने ब्रेक दाबून पाहिले.