तीस मायक्रॉन

प्लास्टिकच्या पिशवीत आलं,
वर स्केचपेननं: फोर्ट, दुसरा मजला, कमान.
कोरीव पानाचं टोक, दोन पेरांएवढं,
परांचीवर कुणाच्या तरी हातात सुटून आलेलं.
कत्रकबाई म्हणाल्या, वैती, स्लाइड करा,
दुरुस्तीवाल्यांना जोडीचा दगड हवाय.

एकतीस वर्षं मी हेच केलं.
दगड कापायचा, काचेवर चिकटवायचा,
कार्बोरंडमची पूड, पाण्याचा थेंब,
आणि बोटांनी गोल गोल घासत राहायचं
तीस मायक्रॉन उरेपर्यंत.
एक फेरा जास्त झाला
की दगड नाहीच, नुसती काच.

इथला काळा दगड लवकर वळत नाही.
साडेसहा कोटी वर्षांचा हट्ट,
लाव्हाच तो, कुणाला पोटात ठेवून घेतलं नाही.
हा पोरबंदरचा, गलबतातून आलेला,
पिवळट, मऊ,
जेवणाच्या सुट्टीआधीच उजेड आरपार देऊ लागला.

डोळा लावला.
शिंपले.
रव्याच्या कणाहून बारीक, गुंडाळी घेतलेले,
एकमेकांना रेलून,
आणि मधल्या फटींत पांढरा डिंक.
भिंग फिरवलं तर गुलाबी, पोपटी,
बांगडीच्या काचेसारखे.
हायकोर्टाला जाणारे वकील
ज्या कमानीखालून रोज छत्री मिटत जातात,
ती कमान म्हणजे हे. एवढ्यांची घरं.

फॉर्मवर रकाना होता: वय.
बाई म्हणाल्या, सव्वा लाख, दीड लाख. लिहा अंदाजे.
दगडांत तान्हंच म्हणायचं.

आईच्या रेशनकार्डावरही तेच होतं. अंदाजे.
विचारलं की म्हणायची,
माना काय ठावं,
गोदी फुटली तवा माजं दुधाचं दात परत व्हतं.
बाई खडकाचं वय काढतात ते असंच,
वर काय आहे, खाली काय आहे,
मधे कोण होतं.

तिचा बाप वरळीच्या किनाऱ्यावर शिंपले भाजायचा.
लोक चुना लावतात तो फसवायला,
आजा लावायचा होडीच्या बुडाला, तेलात खलून.
तिला मात्र पानाला लागायचा,
कमरेला डबी, डबीला साखळी.

संध्याकाळी बाई गेल्यावर
ती डबी मी टेबलावर उघडली.
नऊ वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता.
चुना वाळून पापुद्रा झालेला, नखाला टणक.
भाजताना गेलेली हवा
त्यानं गुपचूप परत ओढून घेतली होती.
ड्रॉपर घेतला. पातळ ॲसिड, एकच थेंब,
जो मी पोरांना शिकवतो, चुनखडक ओळखायला.

फसफसला.
कान जवळ नेला तर बारीक आवाजही होता.

मग कापडानं पुसलं, झाकण लावलं.
पिशवीवरच्या लेबलात अजून एक जागा रिकामी होती,
नमुना कुणी दिला.
ती तशीच ठेवली.