ताशी दोन पूर्णांक तीन

सॉफ्टवेअरचं नाव नुसतं आर.
पराणीच्या टोकाला असते ती आर मला ठाऊक होती,
बैल चालतो तिच्या धाकानं.
इथे बैल मी,
वय एकोणपन्नास, चोवीस वर्षं अग्निशमन दलाच्या फोनवर,
आणि नाझनीन मुकादम, वय तेवीस,
माझ्या खुर्चीमागे उभी राहून म्हणते,
'मॅडम, स्वल्पविराम राहिला.'

नव्वद रात्रींची रजिस्टरं मीच चढवली.
एक हजार सहाशे छप्पन्न ओळी.
वेळ, ठिकाण, प्रकार, गाडी किती मिनिटांत पोचली.
प्रकार म्हणजे आग, गॅसगळती, लिफ्टमध्ये अडकलेले,
डोंगरीत मांज्याला लटकलेली घार,
झाड, मांजर, पुन्हा मांजर.
माझगावचे एक गृहस्थ झोप येत नाही म्हणून
फोन करून किती वाजले विचारतात.
त्यांना कुठल्या रकान्यात घालू?
'इतर,' नाझनीन म्हणाली.

सरासरी नऊ मिनिटं.
मध्यक सात.
दोन्ही खरं कसं, मी विचारलं.
तिनं आलेख काढला.
डावीकडे उंच ढीग, मग उतार,
मग उजवीकडे सरपटत गेलेली शेपटी.
'ही सरासरीला ओढते, मॅडम.'
आमच्या खात्यात शेपटी म्हटली की मारुती आठवतो
आणि लंका.

अगदी टोकाला एकटा ठिपका. एकेचाळीस.
तो मला न विचारता ओळखता आला.
कामाठीपुरा, गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पो आडवे,
आणि फोनवर एक बाई सांगत होती
की दाराची कडी हाताला गरम लागतेय.
'आउटलायर आहे, काढू का,' नाझनीननं विचारलं,
मग माझ्याकडे बघितलं,
माउस सोडला
आणि पाणी प्यायला गेली.

मग पॉयसन.
मी पॉयझन ऐकलं. ती हसून हसून दमली.
ताशी दोन पूर्णांक तीन कॉल,
तर तासभर एकही न येण्याची शक्यता दहात एक.
विश्वास बसेना, म्हणून बोटं मोडत मोजलं.
सातशे वीस तासांत मुके तास एकाहत्तर.
अंगावर काटा आला.
भेंडीबाजारातल्या वायरीला कुणी सांगितलं
की पवईची लिफ्ट आत्ताच अडकलीय, तू जरा थांब?
'कुणीच सांगितलं नाही,' नाझनीन म्हणाली,
'म्हणूनच तर जुळतं.'

हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आज सव्वातीन झालेत. दोन तास फोन गप्प.
मी म्हटलं, आता येईलच.
ती म्हणाली, 'या वितरणाला स्मृती नसते.
तुम्ही किती वेळ थांबलात ते त्याला माहीतच नाही.'
नसेना का.
मला आहे.

वाजला.
नुसता श्वास. मागे कुठेतरी पंख्याची कुरकुर.
तीनदा विचारलं, कुठून बोलताय.
कट.

ठिकाणाच्या रकान्यात एनए लिहायचं,
हिशेब करताना एनए वगळायचं,
त्याची आज्ञासुद्धा आता मला पाठ आहे.
लिहिलं.
मग नंबर चहाच्या कागदावर उतरवला
आणि उलटा फोन लावला.

रिंग जातेय.