फोनोची डबी

बजेट चार हजार. त्यातले सहाशे
टाकीच्या बॉलकॉकला गेले. उरले चौतीसशे.
एवढ्यात एकच डबी येते:
एक तर फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी, डॅक;
नाहीतर तबकडीच्या खोबणीतली कुजबुज
खोलीभर करणारी, फोनोची.

डॅकचे गुण मला पाठ झाले होते.
चोवीस बिट, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ.
नववी ब ला घनमूळ शिकवताना मनात तेच.
वटवाघळाला पुरेल एवढं मला कशाला?
पण आकडा मोठा दिसला की हात तिकडे जातो.
हात न लावता, नुसता सुताचा काउंट विचारून
चादर घेणारी गिऱ्हाइकं आप्पांनी चिकार बघितलीत.

मैनोद्दीन रेडिओवाला म्हणाला,
"फोनमधी डॅक असतंयच की, बाई.
चांगलं का वाईट, ते मग.
सुईचा आवाज मात्र सुईच्या आईलापण ऐकू येत नाय."
म्हणून फोनोची मागवली.

ती यायची होती तोवर
मंगळवार बाजारातनं आणलेला प्लेअर
शक्तिदेवी मंडळाच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला लावला,
माइकच्या भोकात.
पातळ, कर्कश, पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज.
मी बंद करणार,
तर आप्पा भाकरी हातात घेऊन दारात.
"ही बाई तेलुगू बोलतीय की!"

अशोक चौकात एकतीस वर्षं माग चालवला त्यांनी.
मागानं कानातनं नेमके स, श, च नेले.
साखर म्हटलं की त्यांना आखर.
चहा विचारला की, "हां?"
घरात आम्ही सगळे आता ओठ मोठे करून बोलतो.
आणि ही कोण कुठली बाई,
पन्नास वर्षांपूर्वीची, चरे पडलेली,
तिचा शब्द न् शब्द ते माझ्याआधी म्हणत होते.

डबी गुरुवारी आली. काडेपेटीहून जरा मोठी.
लावली, तर आधी भुणभुण.
ती आप्पांनाच पहिल्यांदा ऐकू आली,
खालचं सगळं शाबूत आहे त्यांचं.
"अर्थिंग बघ," म्हणाले, आणि स्वतःच
हिरवी वायर स्क्रूखाली आवळली,
मागाच्या स्टार्टरची आवळायचे तशी.
भुणभुण गेली.

मग काय सांगू.
तबल्याला पोट आलं.
बाईला गळा आला, गळ्याखाली छाती आली,
मागे कुणीतरी तंबोरा घेऊन बसलं होतं
हे मला आत्ता कळलं.

आप्पा थांबले. थोडा वेळ मान तिरकी.
"आता चादर ओढून झोपली ती,"
म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

रात्री वाचलं.
तबकडी कापतानाच खर्ज दाबतात, वरचे सूर चढवतात,
नाहीतर खोबणी शेजारणीच्या अंगावर जाते.
डबीचं काम उलटं:
दाबलेलं सोडायचं, चढवलेलं उतरवायचं.
बरोबरच आहे. आलेखात रेषा सरळ येते.
फक्त चढवलेलं होतं ते
आप्पांच्या कानाला लागतं तेवढंच होतं.
डबीनं इमानेइतबारे उतरवून ठेवलं.

परत करायला सात दिवस. आज सहावा.
खोकं तसंच आहे, चिकटपट्टीसुद्धा.
मुलं झोपली की मी डबी लावते,
आवाज अगदी बारीक, तंबोऱ्यापुरता.
संध्याकाळी पिन माइकच्या भोकात.
दात शिवशिवतात माझे.
बाई खडे टाकत गाते
आणि मला तेलुगू अर्धंच येतं.
उरलेलं आप्पा सांगतात, ओरडून,
माग चालू असताना बोलायचे तसं.