बेसिनपाशीची फरशी

फाएन्त्साहून रावेन्ना, मध्ये रूस्सी.
डब्यात तीन माणसं, एक सायकल.
नीवेसच्या मांडीवर रुमालात पाव;
तिकिटावर शिक्का मारायचा राहून गेलेला,
तपासनीस नुसता हसला.

चर्चमध्ये मान दुखेपर्यंत वर पाहिलं:
सोनेरी आभाळ, हिरव्यात मेंढरं.
कुणी शाळेच्या पोरांना सांगत होतं,
एकही खडा सपाट बसवलेला नाही,
मुद्दाम कलते,
उजेड झेलायला.

एलिओ फरश्या बसवायचा.
स्वतःच्याच घरातली, बेसिनपाशीची एक
तिरपी राहिली.
तीस वर्षं टोमणे खाल्ले त्यानं,
‘राहू दे गं’ म्हणत.

पाच चाळीसची गाडी. पाव तसाच.
घरी दिवा न लावता
ती बेसिनपाशी उभी राहिली, अनवाणी.

छे. ही चुकलेलीच आहे, एलिओ,
पायाला कळतं.

पाय मात्र तिनं हलवला नाही.