उत्तराचा रकाना

लोकांना कारण म्हणून एखादं प्रेत हवं असतं.
काय झालं, घरात कुणी गेलं का,
पाळकांशी बिनसलं का, सेशनच्या निवडणुकीत पडलास का.
मी म्हणतो, वही भरली.

क्वार्टर गेटजवळच्या आमच्या मंडळीत
प्रार्थनेच्या विनंत्यांची वही चौदा वर्षं माझ्याकडे होती.
दोनशे पानी, लाल पाठीची, अप्पा बळवंत चौकातली.
खडकीच्या कारखान्यात मी आठवडाभर गेज लावायचो,
जातं, जात नाही. जातं, जात नाही.
रविवारी त्याच हाताने पेटीतल्या चिठ्ठ्या उतरवायच्या:
तारीख, नाव, मागणं.
चौथा रकाना मी आपल्या मनाने आखला, पट्टी लावून.
वर लिहिलं, उत्तर.

भक्तीनेच आखला होता, हे आता कुणी मानत नाही.
साक्ष देताना आकडे जवळ असावेत, इतकंच मनात होतं.

एलीशा रणभिसे, मूत्रपिंड. गेले.
हडपसरचा फ्लॅट, बँकेचं कर्ज. मिळालं.
दमयंतीबाईंच्या सुनेला दिवस राहावेत. राहिले.
सातव्या महिन्यात तीच चिठ्ठी पुन्हा, अक्षर वेगळं.
आणि एका रविवारी दोन चिठ्ठ्या, शाळेतली जागा एकच,
रूथ घाटविसावे, मर्सी पंडागळे.
एकीच्या आईने आभाराचं पाकीट टाकलं.
दुसरीची आई त्याच बाकावर तेच गीत गायली,
जरा खालच्या पट्टीत.

पाळक भला माणूस. चहा पाजला, वही पाहिली, म्हणाले,
शांतवन, देव तीन उत्तरं देतो,
हो, नाही, आणि थांब.
घरी येऊन मी चौदा वर्षं तिन्हींत वाटली.
सगळं बसलं. एक नोंद बाहेर राहिली नाही.
तिथे मला घाम फुटला.
ज्यातून सगळंच जातं ते गेज
आम्ही भंगारात टाकतो.

पण फेकलं नाही लगेच. कुणाला फेकवतं?
विश्वासांगीकारातली एक ओळ गाळली,
दोन महिन्यांनी आणखी एक. ओठ हलत राहिले.
ज्योत्स्नाने नाताळच्या करंज्या तळता तळता पकडलं:
तुमचं आमेन हल्ली मागून येतं.
ती अजून माझ्यासाठी गुडघे टेकते. ते दुखतात, मी तेल लावून देतो.
वही आता दुसऱ्याकडे आहे. त्यात माझं नाव असणार.
रकाने तीनच असतील.

कँटीनमध्ये देवधर खूश झाला,
म्हणजे आता परत आमच्यात?
म्हटलं, कधी होतो?
पणजोबा राहुरीकडचं गाव सोडून निघाले,
तोवर तिथल्या विहिरीला त्यांची सावली चालत नव्हती.
त्यांनी हा देव धरला, म्हणून माझ्या हातात पाटी आली,
आणि पाटीनंतर पट्टी, आणि तो रकाना.
ही त्यांच्याशी बेइमानी का, असं रात्री विचारतो.
पूर्वी ज्याला विचारायचो तो नाही,
म्हणून प्रश्न घरातच फिरतो, पंख्यासारखा.

मागणं सुटलं, त्याचं काही वाटत नाही.
अडतं ते आभाराचं.
परवा पहाटे नातीचा ताप उतरला,
तोंडातून "बापा" निघालं आणि पुढे काही सुचेना.
औषधाच्या बाटलीकडे पाहिलं. पावसाने पुसलेल्या खिडकीकडे.
रात्री दोनला थांबलेल्या त्या रिक्षावाल्याचं
नावही विचारलं नव्हतं.

काल पंडागळेबाईंचा फोन. सवयीने मलाच.
भाऊ, मर्सीला ससूनला ठेवलंय, वहीत घ्या.
वही नाही माझ्याकडे, हे सांगितलं नाही.
पेन शोधलं, विजेच्या बिलामागे लिहिलं,
तारीख, नाव, वॉर्ड.
मग विचारलं, रक्तगट कोणता,
आणि चप्पल घातली.